आडात आहे, पोहऱ्यात का नाही?



या व्याख्यानमालेत आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, राजकारणही ऐकता. आज आपणांस गटाराशेजारून जाणाऱ्या नळाविषयी ऐकावयाचे आहे. विषय रुक्ष आहे खरा. परंतु वैशाखाच्या दिवसांत पहाटे उठून नळाची वाट पाहिलेली माणसे या सभेत पुष्कळ असतील, तेव्हा तो कोणाला परका वाटू नये.

मी इंजिनिअर नाही. माझी शाळा सातवीतच सुटली. गेली तीस वर्षे नगरपालिकांच्या सफाई व पाणीखात्यांतील कामगारांची संघटना बांधण्यात गेली. पाण्याचे शास्त्र मी प्रथम ऐकले ते फिटरांच्या आणि चावीवाल्यांच्या तोंडून, आणि ते सांगतात ते खरे की खोटे हे पडताळून पाहण्यासाठी मग वाचनालयातील पुस्तके उघडली. दोन्हीकडून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पाणीटंचाईची ओरड झाली की ही म्हण हमखास ऐकू येते आणि नव्या धरणाची मागणी पुढे येते. पण कित्येक शहरांची स्थिती नेमकी उलटी आहे. आडात पाणी आहे. पोहराच फुटका आहे. तो वर येईपर्यंत तिसरा हिस्सा, कोठे कोठे निम्मा हिस्सा वाटेतच सांडून जातो. पोहरा सांधावयाचा सोडून आपण आड खोल करीत बसलो आहोत. हे का होते आणि काय केले असता थांबते, एवढाच आजचा विषय.

पाण्याचा जमाखर्च

दुकानदार रात्री गल्ला मोजतो, तसा पाण्याचाही जमाखर्च मांडता येतो. जलशुद्धीकरण केंद्रातून जेवढे पाणी शहराकडे सोडले ती जमा. खर्चाची खाती चार. पहिले, मोजून दिलेले व ज्याचे बिल झाले ते पाणी. दुसरे, रीतसर दिलेले पण ज्याचे बिल होत नाही ते. यात अग्निशामक बंब, सार्वजनिक नळ, पाइप धुण्यासाठी सोडलेले पाणी येते. तिसरे, कोणीतरी वापरले परंतु हिशेबात आले नाही ते. चोरटे नळजोड, मंद फिरणारे जुने मीटर आणि चुकीच्या नोंदी यांचे हे खाते. चौथे, जे कोणीच वापरले नाही, पाइपातून निसटून जमिनीत मुरले किंवा गटारात वाहून गेले, ते.

पहिले खाते सोडून बाकीच्या तिन्हींना मिळून बिनमहसुली पाणी म्हणतात. ही मांडणी आंतरराष्ट्रीय जलसंघटनेने २००० साली जगासाठी एकसारखी करून दिली. आपल्या केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ साली शहरांच्या सेवांचे जे मापदंड ठरविले, त्यांत बिनमहसुली पाणी २० टक्क्यांहून अधिक नसावे, प्रत्येक नळजोडाला मीटर असावा, माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे आणि ते चोवीस तास मिळावे असे म्हटले आहे. आपली बहुसंख्य शहरे या मापापासून फार दूर आहेत. अनेक ठिकाणी तर किती दूर आहेत हे सांगण्यासाठी जे मीटर लागतात तेच नाहीत. इंजिनिअर साहेब अंदाजाने एक आकडा लिहितात आणि तोच दरवर्षी पुढे ओढला जातो.

तिसरे आणि चौथे खाते यांतला भेद नीट लक्षात ठेवा, कारण पुष्कळदा जाणूनबुजून त्यांची सरमिसळ केली जाते. गळतीचा विषय निघाला की झोपडपट्टीकडे बोट दाखविणे सोपे असते. तेथे चोरटे जोड असतात, हे मी नाकारीत नाही. पण रीतसर नळ नाकारला म्हणून माणूस पाणी पिणे सोडणार आहे काय? ते पाणी कोणाच्या तरी पोटात, कोणाच्या तरी स्वयंपाकात गेले. त्या वस्तीला कायदेशीर नळ आणि मीटर द्या, तो चोर उद्या ग्राहक होतो. चौथ्या खात्यातील पाणी मात्र कोणाच्याच उपयोगी पडलेले नाही. ते धरणातून आणले, विजेने चढविले, तुरटी व क्लोरीन घालून शुद्ध केले आणि मातीला पाजले.

ज्वारीच्या दाण्याएवढे छिद्र

ठिबकणाऱ्या नळाविषयी आपण मुलांना नेहमी उपदेश करतो, आणि तो योग्यच आहे. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसभरात सुमारे चार लिटर पाणी जाते. आता दुसरा हिशेब पाहा. रस्त्याखालच्या पाइपाला पाच मिलीमीटरचे, म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढे छिद्र आहे आणि पाइपात वीस मीटर उंचीच्या टाकीचा दाब आहे. त्या छिद्रातून पाणी सेकंदाला जवळजवळ वीस मीटर वेगाने बाहेर फेकले जाते. दिवसाचा हिशेब होतो सुमारे २०,००० लिटर. माणशी १३५ लिटर धरले तर जवळजवळ दीडशे माणसांचे पाणी एका दाण्याएवढ्या वाटेने गेले. शिवाय एका युनिट विजेत साधारण अडीच हजार लिटर पाणी १०० मीटर चढते. नदी शहराहून तेवढी खाली असेल, तर या एका छिद्रापायी रोज आठ युनिट वीज मातीत जाते.

आपणांस वाटते की मोठा पाइप फुटून रस्त्यावर कारंजे उडते तेव्हा खरे नुकसान होते. तेही हिशेबाने पाहू. फुटलेल्या पाइपातून सेकंदाला १० लिटर पाणी जात असेल आणि तो एका दिवसात दुरुस्त झाला, तर ८ लाख ६४ हजार लिटर गेले. वर्तमानपत्रात छायाचित्र आले, नगरसेवक धावले, फिटर रात्रभर खड्ड्यात उभा राहिला आणि काम झाले. तो ज्वारीचा दाणा मात्र कोणाला दिसत नाही. त्याचे पाणी वर न येता शेजारच्या गटारात किंवा मुरमात शिरते. चोवीस तास दाब असलेल्या पाइपात तो वर्षभर तसाच राहिला तर ७३ लाख लिटर घेऊन जातो, म्हणजे त्या गाजलेल्या कारंज्याच्या आठपट. गळतीचे नुकसान छिद्राच्या आकाराइतकेच ते किती दिवस उघडे राहिले यावर ठरते. कळायला लागलेला वेळ, जागा सापडायला लागलेला वेळ आणि दुरुस्तीला लागलेला वेळ या तिघांची बेरीज कमी करणे हेच गळतीविरुद्धचे सारे शास्त्र होय.

गळते कोठे?

मुख्य जलवाहिन्या जुन्या झाल्या, त्या बदलल्या पाहिजेत, असे आपण ऐकतो. ते खरे असले तरी अनुभवी फिटरला विचारा; तो तुम्हांला मोठ्या पाइपापेक्षा घराच्या जोडाकडे नेईल. मुख्य पाइपाला भोक पाडून जी पितळी जोडणी बसवितात तिला फेरुल म्हणतात. त्या फेरुलपासून आपल्या उंबऱ्यापर्यंत अर्ध्या इंची जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप येतो. हा पाइप पुष्कळदा गटारातून किंवा गटार ओलांडून येतो. मुलामा उडतो, ओलाव्याने लोखंड गंजते, वरून मालमोटार गेली की सांधा हलतो. शहरातील बहुतेक गळत्या या शेवटच्या दहा-पंधरा हातांत असतात. जुन्या बिडाच्या पाइपांचे ताग ठासून, शिसे ओतून केलेले सांधेही जमिनीच्या हालचालीने सैल पडतात. पण त्यांची संख्या घरजोडांच्या मानाने थोडी.

आणि हे शेवटचे दहा-पंधरा हात कोणाचे? नगरपालिका म्हणते ग्राहकाचे, ग्राहक म्हणतो नगरपालिकेचे. या वादात पाइप गळत राहतो. टोकियो शहराने हा वाद मोडून काढला. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरात सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के गळत होते. पुढे पिढ्यान्‌पिढ्या काम चालू राहिले. त्यांतील एक मोठे काम म्हणजे रस्त्याखालचे शिशाचे घरजोड काढून तेथे न गंजणाऱ्या पोलादाचे जोड बसविणे. आज तेथील गळती सुमारे ३ टक्के आहे.

दोन तासांचे पाणी आणि कावीळ

येथे कोणी विचारील की आमच्याकडे पाणी येतेच दिवसाकाठी दोन तास. मग गळणार तरी किती? प्रश्न रास्त आहे. दोनच तास दाब असला तर त्या दाण्यातून वीस हजाराऐवजी सतराशे लिटरच जातील. म्हणूनच खंडित पुरवठा ही काटकसर आहे असा भ्रम होतो. पण या काटकसरीची किंमत दुसऱ्याच खात्यात पडते.

पाइपात दाब असतो तोवर पाणी छिद्रातून बाहेर जाते. पाणी बंद केले की उताराच्या बाजूचे लोक उरलेले पाणी ओढून घेतात, कोणी थेट नळाला मोटार लावून खेचतो, आणि पाइप आतून ओढ घेऊ लागतो. आता तेच छिद्र उलटे काम करते. बाहेर गटार आहे, आत पोकळी आहे. गटारातील घाण आत शिरते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाण्याबरोबर आपल्या हंड्यात येते. उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडाशी ज्या गल्ल्यांतून कावीळ, विषमज्वर, हगवण निघते, तेथे गटारातून गेलेला नळजोड शोधा असे जुने आरोग्य निरीक्षक सांगत, त्याचे कारण हे.

याची परीक्षा आपल्या शेजारीच झाली आहे. २००८ साली बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा येथील काही निवडक वस्त्यांत सारे जुने पाइप व घरजोड बदलून, मीटर बसवून चोवीस तास पाणी सुरू झाले. बाकीच्या शहरांत मात्र काही दिवसांआड काही तासच पाणी येत राहिले. हुबळी-धारवाडात दोन्ही भागांतील नळांचे पाणी संशोधकांनी तपासले. ते शोध २०१३ पासून प्रसिद्ध झाले आहेत. खंडित पुरवठ्याच्या नळांतील सुमारे तीनांपैकी एका नमुन्यात विष्ठेतून येणारे जंतू सापडले. चोवीस तासांच्या नळांत शंभरात एखाद्याच नमुन्यात. शुद्धीकरण केंद्रे तीच. फरक वाटेतल्या पाइपांचा आणि त्यांतील दाबाचा. पाणी आल्यावर पहिल्या काही मिनिटांचे पाणी सर्वांत वाईट असते, हेही तेथे दिसून आले. तेव्हा ते प्यायला न भरता सडा-संमार्जनाला, धुण्याला वापरावे.

त्या योजनेचे काम एका परदेशी खाजगी कंपनीकडे होते. पाण्याचा कारभार नफ्यासाठी चालावा हे मला मान्य नाही, पण म्हणून जे सिद्ध झाले ते नाकारण्याचे कारण नाही. लंडनचे पाणी १९८९ साली खाजगी कंपनीकडे गेले, आणि इतक्या वर्षांनंतरही तेथे सोडलेल्या पाण्याचा जवळजवळ चौथा हिस्सा गळतो. टोकियोचे पाणी सार्वजनिकच आहे. तेव्हा मालक कोण एवढ्यावर गळतीचे भांडण निकालात निघत नाही.

खंडित पुरवठ्याचा आणखी एक तोटा आपल्या घरातच पाहावा. उद्या पाणी येईल की नाही याचा भरवसा नसतो म्हणून आपण पिंप, बादल्या, पातेली भरून ठेवतो. आणि नवे पाणी आले की कालचे शिळे झाले म्हणून मोरीत ओतून देतो. नळाची तोटी उघडीच ठेवतो, म्हणजे पाणी आल्याचे कळावे. ही सांडलवंड माणसांच्या स्वभावदोषाने होत नाही, अविश्वासातून होते.

मात्र उलट घाईही चालावयाची नाही. फुटक्या जाळ्यात एकदम चोवीस तास पाणी सोडले तर दोन तासांची गळती बारापट होईल आणि टाक्या दुपारीच रिकाम्या पडतील. आधी एका विभागाचे पाइप सांधावयाचे, तेथे मीटर बसवावयाचे, मग तेथे पाणी सतत ठेवावयाचे. तेथून वाचलेले पाणी पुढच्या विभागाला द्यावयाचे. गोधडी जोडतात तसे हे एकेक ठिगळाचे काम आहे.

अंधारातली गळती शोधावी कशी?

याची रीत सोपी आहे, फक्त चिकाटी हवी. शहराचे हजार-दोन हजार नळजोडांचे विभाग पाडतात. विभागाच्या कडेचे व्हॉल्व्ह बंद करून पाणी एकाच तोंडाने आत येईल असे करतात आणि त्या तोंडाशी मीटर बसवितात. मग रात्री दोन ते चार या वेळात, विभागात दाब कायम ठेवून, तो मीटर वाचतात. त्या वेळी सारे गाव झोपलेले असते. समजा हजार घरांच्या विभागात त्या वेळी तासाला २०,००० लिटर पाणी आत जात आहे. झोपलेल्या हजार घरांचा खरा वापर दोन-तीन हजार लिटरांहून अधिक नसावा. गच्चीवरच्या टाक्या भरत असतील तर तेवढे वजा करा. उरले ते पाणी जमीन पीत आहे.

आता आतले व्हॉल्व्ह एकामागून एक बंद करीत जावयाचे आणि दर वेळी तोंडाचा मीटर पाहावयाचा. ज्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करताच काटा एकदम खाली येतो, तेथे चोर आहे. त्या गल्लीत फिटर पोलादी काठी घेऊन जातो. काठीचे एक टोक नळावर किंवा व्हॉल्व्हवर, दुसरे टोक कानाला. दाबाखालून निसटणारे पाणी सतत सळसळते. तो आवाज ज्याच्या कानात बसला त्याला तो ओळखू येतो. रात्रीची शांतता म्हणूनच लागते.

याच कानाचे आता यंत्र झाले आहे. दोन व्हॉल्व्हवर दोन यांत्रिक कान लावतात. गळतीचा आवाज जवळच्या कानाला आधी पोचतो, लांबच्याला उशिरा. समजा व्हॉल्व्ह १०० मीटर अंतरावर आहेत आणि त्या लोखंडी पाइपात आवाज सेकंदाला १२०० मीटर जातो. दोन्ही कानांत सेकंदाच्या साठाव्या भागाचा फरक पडला. तेवढ्या वेळात आवाज २० मीटर जातो. शंभरांतून वीस वजा करा, उरलेल्याचे अर्धे करा. जवळच्या व्हॉल्व्हपासून ४० मीटरवर खणा. प्लॅस्टिकच्या पाइपात आवाज लवकर विरतो, तेथे हे यंत्र चाचपडते आणि जाणत्या माणसाची गरज अधिक लागते.

दुसरा उपाय दाबाचा. गळती साधारणतः दाबाच्या प्रमाणात वाढते. टेकडीवरच्या टाकीचे पाणी पायथ्याच्या वस्तीत जरुरीपेक्षा फार जोराने येते, विशेषतः रात्री नळ बंद असताना. तेथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसविला की एकही खड्डा न खणता गळती उतरते आणि पाइप फुटणेही कमी होते. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ खायेलित्शा नावाची गोरगरिबांची मोठी वस्ती आहे. २००१ साली तिच्या तोंडाशी अशी व्यवस्था केली, आणि वर्षाला सुमारे ९०० कोटी लिटर पाणी वाचले.

एका उद्ध्वस्त शहराची गोष्ट

हे सारे श्रीमंत देशांचे चोचले आहेत असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह पाहावी. एप्रिल १९७५ मध्ये ख्मेर रूजच्या राजवटीने हे शहर सक्तीने रिकामे केले. १९७९ साली ती राजवट कोसळल्यावर माणसे परत आली, पण पाइपांचे नकाशे हरवले होते आणि ते जाळे जाणणारी बहुतेक माणसे मारली गेली होती. १९९३ साली तेथे सोडलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा पैसा येत नव्हता. पाणी दिवसाला दहा तास, तेही शहराच्या थोड्या भागाला. कागदावर ग्राहक होते पण त्यांचे नळ नव्हते. नळ होते पण ते कागदावर नव्हते. पाणीखात्याचेच लोक पैसे घेऊन चोरटे जोड देत.

त्या साली खात्याची सूत्रे ज्यांच्याकडे आली त्यांचे नाव एक सॉन चान. यातला ‘एक’ हा आकडा नव्हे, ते आडनाव आहे. त्यांनी घरोघर फिरून नळांची नोंद करविली, प्रत्येक जोडाला मीटर बसविला, सैन्यातील बड्या अधिकाऱ्यांनाही बिल भरावयास लावले. परदेशी मदतीतून जुने पाइप बदलले. गळती दुरुस्त करणाऱ्या तुकड्या रात्रंदिवस तयार ठेवल्या. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाची गळती एकेका तुकडीकडे सोपविली. कमी झाली तर त्या तुकडीला बक्षीस. २००८ पर्यंत ७२ टक्क्यांचे सुमारे ६ टक्के झाले आणि पाणी चोवीस तास येऊ लागले. या कामाबद्दल चान यांना २००६ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कामगार संघटनेचा माणूस म्हणून मी या गोष्टीतील एक आकडा पुन्हा पुन्हा वाचला. १९९३ साली तेथे हजार नळजोडांमागे २२ कर्मचारी होते, २००८ साली तीन-चार. हा आकडा दाखवून कोणी म्हणेल, पाहा, माणसे कमी केली म्हणून सुधारणा झाली. पण त्याच काळात नळजोड सुमारे २७ हजारांवरून पावणेदोन लाखांवर गेले होते. गुणाकार करून पाहा. माणसे जवळजवळ तेवढीच राहिली आणि काम साडेसहापट झाले. त्यांचे पगार वाढविले, त्यांना शिकविले, हाताखाली हत्यारे दिली, आणि मग जाब विचारला. जाब विचारण्याच्या आधी हे जे केले, तेच आपल्याकडे वगळले जाते.

नकाशा कोणाच्या डोक्यात?

आपल्या जुन्या शहरांत पाइपांचे खरे नकाशे कचेरीच्या कपाटात क्वचितच सापडतात. ते चावीवाल्याच्या आणि फिटरच्या डोक्यात असतात. कोणत्या वळणावर जुना चार इंची पाइप सहा इंचीला मिळतो, कोणता व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कोठे डांबराखाली झाकण गाडले गेले आहे, हे त्यालाच ठाऊक. एका नगरपालिकेत, नाव सांगत नाही, असा एक चावीवाला निवृत्त झाला. त्याच्या जागी कंत्राटदाराने दर सहा महिन्यांनी बदलणारी मुले आणली. पुढच्या उन्हाळ्यात बाजारपेठेतील पाइप फुटला. बंद करावयाचा व्हॉल्व्ह सापडेना, म्हणून अर्ध्या गावाचे पाणी तीन दिवस तोडावे लागले. शेवटी त्या म्हाताऱ्याला रिक्षाने आणले. त्याने वडाच्या झाडापासून पावले मोजली आणि काठी टेकली. तेथेच झाकण निघाले.

कायम नोकरीची मागणी आम्ही करतो तेव्हा ती केवळ पोटाची मागणी समजली जाते. पोटाची ती आहेच. पण रात्री तीन वाजता नळाला कान लावून ऐकण्याची विद्या सहा महिन्यांत येत नाही, आणि उद्या काढून टाकला जाणारा माणूस ती शिकण्याच्या भानगडीत पडत नाही. कंत्राटदाराला खड्ड्यामागे पैसे मिळतात. खड्डे कमी व्हावेत यात त्याचे हित नाही. म्हणून माझे म्हणणे असे की प्रत्येक नगरपालिकेत गळती शोधणारी कायम नोकरांची स्वतंत्र तुकडी असावी, तिला रात्रपाळीचा भत्ता, यंत्रे आणि शिक्षण मिळावे, आणि जुन्या माणसांच्या डोक्यातील नकाशा ते निवृत्त होण्यापूर्वी कागदावर उतरवून घ्यावा. त्याबरोबर विभागाच्या मीटरचा आकडा त्या तुकडीपुढे दरमहा ठेवावा आणि तो का उतरला नाही हे विचारावे. संघटनेने या जबाबदारीला नाही म्हणू नये. ज्याचे काम मोजले जाते त्याची किंमतही मागता येते.

धरण की सांधा?

शेवटी हा प्रश्न केवळ आपल्या हंड्याचा नाही हे सांगितले पाहिजे. मुंबईचेच पाहा. १८६० साली विहारचे पाणी आले. ते पुरेना तेव्हा तुळशी, मग १८९२ साली तानसा, मग वैतरणा, भातसा असे शहर दूर दूर सरकत गेले. आज तेथे रोज पावणेचारशे ते चारशे कोटी लिटर पाणी लागते. दशकापूर्वी बांधून झालेले मध्य वैतरणा हे शंभर मीटरहून उंच धरण रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी देते. गारगाई नदीवरील योजना आहे चव्वेचाळीस कोटींची, आणि तीत जंगल व आदिवासींची गावे बुडावयाची आहेत. आता हिशेब करा. मुंबईत सोडलेल्या पाण्यापैकी शंभरात दहा लिटर जरी गळतीतून वाचविले, तरी चाळीस कोटी लिटरांच्या आसपास पाणी हाती येते, म्हणजे जवळजवळ एक धरण. ते बांधावयास जंगल तोडावे लागत नाही, गाव उठवावे लागत नाही.

ज्या शहापूर तालुक्यात तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे जलाशय आहेत, त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. त्यांच्या अंगणातून पाइप जातो आणि त्यांच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात. शहराच्या रस्त्याखाली मुरून जाणारा प्रत्येक लिटर असा कोठून तरी आणलेला असतो. आपल्या गावाची नदी आणि आपला तलाव यांनाही हेच लागू आहे.

मग नागरिकाने करावे काय? घरजोड गटारातून जात असेल तर तो वर उचलून घ्या. थेट नळाला मोटार लावू नका. ती शेजाऱ्याचे पाणी आणि गटारातील घाण दोन्ही ओढते. पाणी बंद असलेल्या वेळी रस्त्याचा एखादा भाग ओला दिसला, भर उन्हाळ्यात गटाराकडेला हिरवे गवत दिसले, तर कळवा आणि दुरुस्ती होईपर्यंत पाठ सोडू नका. मीटरला विरोध करू नका; गरजेपुरते पाणी स्वस्त आणि चैनीचे महाग असा दर मागा. आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाच्या सभेला जाऊन एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी किती पाणी सोडले, त्यांपैकी किती मोजून पोचले, आणि हा आकडा कोणत्या मीटरवरून काढला? पहिल्या वर्षी उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या वर्षी अंदाज मिळेल. तिसऱ्या वर्षी विचारणारे पन्नास असतील तर मीटर बसलेले असतील.